तिनं भावाले वकील केलं

बायको जाऊन आज एकवीस दिवस झाले. तिच्या बाराव्याले मी काय केलं ते सगळ्या तांड्यानं पाह्यलं, अन् आता ज्याची त्याची जीभ चालून राह्यली. म्हातारा दुःखानं येडा झाला, असं म्हणतात. म्हणून हे लिहितो. मी शिकलो दुसरीपर्यंत, तीबी अर्धी. अक्षर वाकडं येईल. गोष्ट वाकडी नाही.

आमचे बापजादे बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूख फिरणारे. आज्याच्या काळात तांडा एका माळावर बसला, जंगलाले लागून. पांढरकवड्याहून पायी निघालं तर अर्धा दिवस. घरात आम्ही गोरबोली, म्हणजे आमची बंजारा बोली बोलतो, बाजारात वऱ्हाडी. इथं सगळ्यांचं बोलणं वऱ्हाडीतच लिहितो, नाहीतर तुम्हाले समजायचं नाही.

बाराव्याची रीत अशी. जेवणाच्या आधी घरचा माणूस सगळ्यांपुढे उभा राहतो, पागोटं काढून खाली ठेवतो अन् म्हणतो, "गेलेल्या जीवाचं काही चुकलं असन त माफ करा." लोक म्हणतात, "माफ हाय." मग पानं वाढतात. बायको मेल्यावर हे नवऱ्यानं म्हणायचं.

आता तिची चूक कोणती, ते तांड्यात सगळ्यांले माहीत. तिनं तीच एक मोठी चूक केली, असं लोक साठ वर्षं म्हणत आले. तिच्या लहान भावाले, म्हणजे माझ्या साळ्याले, सरकारी नोकरी लागत होती. ती तिनं मोडली अन् त्याले वकील केलं. बाराव्याच्या आदल्या दिवशीबी ओट्यावर बसून लोक तेच बोलत होते. "नाकेदार झाला असता. पेन्शन खाल्ली असती. बाईनं काळा कोट चढवला अन् जिंदगीचं वाटोळं केलं." मी आतून ऐकत होतो. ती त्यांच्यासाठी चहा ठेवाले उठणार नव्हती, एवढंच ध्यानात येत होतं.

तर वकिली करावी की नाही, हे मले विचारा. मी वकिलाचा द्वेष करणारा माणूस होतो.

आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या सालची गोष्ट. आमचं लग्न होऊन दोन वर्षं झालती. झोपडीले दाराची चौकट पाह्यजे म्हणून मी जंगलखात्याच्या डेपोतून सागवानाच्या दोन बल्ल्या रीतसर घेतल्या. त्यांचा पास मिळाला, निळ्या शाईचा. पास हरवू नये म्हणून मी तो घडी करून पागोट्यात खोचला. आमच्याकडे जपायची वस्तू तिथंच राहते. बल्ल्यांवर जंगलखात्याच्या हातोड्याचा शिक्का होता. मी वाकसानं लाकूड तासाले बसलो अन् शिक्काबी तासून टाकला. चौकटीले शिक्का कोण ठेवते?

नाकेदार म्हणजे जंगलाचा शिपाई. तो आला तेव्हा मी वावरात होतो. त्यानं पांढरं लाकूड पाह्यलं, शिक्का दिसला नाही. बायको म्हणाली, "पास हाय जी." तो म्हणाला, "दाखव." पास माझ्या डोक्यावर अन् मी वावरात. त्यानं दोन साक्षीदार उभे करून पंचनामा लिहिला अन् बल्ल्या जप्त केल्या. सांजच्याले मी त्याच्यामागं धावत गेलो. तो म्हणाला, "कागद वर गेला बाबा. आता कोर्टात दाखवजो." माणूस वाईट नव्हता. त्यानं त्याचं काम केलं.

आता इथं आमच्या नसाबची गोष्ट सांगतल्याशिवाय पुढचं कळणार नाही. नसाब म्हणजे तांड्याची पंचायत. नायक मधात बसतो, जाणते बाजूले. भांडण काहीबी असो, उभं राहणाऱ्यानं आधी पागोटं पंचापुढे ठेवायचं अन् म्हणायचं, "चुकलो." चुकला असो की नसो. त्यानंतर त्याले बोलायची मोकळीक, त्याच्या बायकोले मोकळीक, त्याच्या मायले मोकळीक. जो पहिल्याच तोंडी "मी नाही केलं" म्हणतो तो मस्तवाल ठरतो अन् त्याचा दंड दुप्पट. दोन्ही बाजू आधी चुकलो म्हणतात, डोकं थंड होते, मग खरं काय ते निघते. शेवटी दोघं एका चिलमीतून ओढतात अन् घरी जातात. मी लहानपणापासून हेच पाह्यलं होतं. न्याय असाच होते, असं मले वाटे.

तारखेले आम्ही दोघं अंधाराचे निघालो. तिनं भाकरी बांधून घेतल्या. तालुक्याच्या कोर्टापुढे दुपारपर्यंत बसलो. पुकारा झाला. बायकोले पट्टेवाल्यानं दारातच अडवलं. मी आत गेलो. साहेब खुर्चीवर, नाकेदार एका बाजूले उभा. साहेबानं कागद वाचला. मले त्यातलं 'सागवान' तेवढं समजलं. मग साहेब म्हणाले, "गुन्हा कबूल आहे काय?"

मी पागोटं काढलं, अदबीनं जमिनीवर ठेवलं, हात जोडले अन् म्हटलं, "कबूल हाय मायबाप. चुकलो."

अन् उभा राहिलो. आता विचारतील, तुझं काय म्हणणं? मग पागोटं उचलीन, पास काढीन, साहेबाच्या हातात देईन. घरून येतानाच सगळं मनात जुळवून ठेवलं होतं.

साहेबानं दोन ओळी लिहिल्या. पट्टेवाला म्हणाला, "उचल रे तुझं मुंडासं, पुढच्याले येऊ दे."

"माझं बोलणं व्हायचं हाय," मी म्हटलं.

"झालं ना तुझं बोलणं. कबूल म्हणला ना?"

दारातून ती ओरडली, "पास दाखवा जी! पागोट्यात हाय!" तिले पट्टेवाल्यानं हाकललं. मले शिपायानं व्हरांड्यात आणलं. तिथं मी पागोटं सोडून पास काढला अन् त्याच्यापुढे धरला. त्यानं वाचला, उलटा करून पाह्यला अन् हसला. "बरोबर हाय लेका तुझा पास. आता पुढच्या जन्मी दाखवजो."

अन् माझी अक्कल पाहा. मले वाटलं, दंड झाला म्हणजे आता मिटलं. नाकेदार बाहेर आला तशी मी त्याच्यापुढे बिडी धरली. तो दोन पावलं मागं सरकला. "अबे, सरकारी साक्षीदाराले बिडी देतं काय? अजून एक केस करू काय तुह्यावर?"

दंड भरा नाहीतर दहा दिवस आत. मी आत गेलो. भरायले नव्हता असं नाही, सासऱ्यानं दिला असता. पण भरला असता तर खरंच चोर झालो असतो, असं डोक्यात बसलं. कबूल म्हणून आलो होतो अन् चोर व्हायचं नव्हतं. दहा दिवस मी त्यावरच विचार केला, अन् वकील लोकांले शिव्या दिल्या. वकिलाचा यात काही संबंध नव्हता. पण कोर्टात काळे कोट फिरत होते, हसत होते, पान खात होते. शिव्या कोणाले तरी द्यायच्याच होत्या.

ती मात्र घरी गेली नाही. तोच पास घेऊन एका वकिलाच्या ओसरीवर जाऊन बसली. म्हातारा वकील होता, अडकित्त्यानं सुपारी कातरत बसला होता. तिनं त्याले सगळं सांगितलं. मी बाहेर आल्यावर वाटेनं चालता चालता तिनं मले त्याचं बोलणं सांगितलं.

"ते म्हणाले, बाई, आता मले काही करता येत नाही. नवऱ्यानंच कबूल म्हटलं. मी आधी असतो त एकच शब्द बोललो असतो. नाकबूल. मग पुढचं सगळं त्यांले विचारावंच लागलं असतं."

"एका शब्दाचे पैसे घेतात साले," मी म्हटलं.

ती वाटेत थांबली. "तुमच्या डोक्यावर कागद होता अन् तोंडात तो एक शब्द नव्हता. दहा दिवस गेले. अन् तुमी पैशाचं बोलता?"

त्या दिवसापासून तिनं काय ठरवलं ते मले दोन वर्षं कळलं नाही. बल्ल्या काही परत आल्या नाहीत. मी बाभळीची चौकट केली, ती वाकडीच बसली. दार कधीच नीट लागलं नाही. ती रोज पायानं दगड सरकवून दार दाबे. मी नवी चौकट करतो म्हणायचो. ती म्हणे, "राहू द्या. मले ध्यानात राहते."

तिचा भाऊ यवतमाळले बोर्डिंगात राहून मॅट्रिक झाला. तांड्यातला पहिला. सासरा आमच्याच तांड्यातला, त्यानं गूळ वाटला. थोड्याच दिवसात नायक बातमी घेऊन आला, नाकेदाराची भरती आहे, शिकलेले पोट्टे पाह्यजेत. सगळ्यात जास्त खूश कोण झालं असेल तर मी. मी म्हटलं, साळा नाकेदार झाला की कोणाची माय व्याली माझ्या लाकडाले हात लावणारी! अर्ज गेला. बोलावण्याचा कागद यायचा होता.

कागद आलाच नाही. तारीख निघून गेली. बाजूच्या गावातला एक पोट्टा हाफपँट अन् पट्टा घालून बाजारात फिराले लागला, तेव्हा सासरा चौकशीले गेला. तिथं समजलं, कागद पाठवला होता. टपालवाल्यानं तांड्यात कोणाच्या हाती दिला, तेही समजलं. माझ्या बायकोच्या.

मी तिले विचारलं, "कागद कुठं हाय?"

ती गोधडी शिवत होती. मान वर न करता म्हणाली, "हिच्या आत."

"काहून?"

"पोट्ट्याले वकील व्हायचं हाय. तुमच्यासमोर अन् बापासमोर त्याचं तोंड उघडत नाही. माझ्यापाशी रडला."

"येडी झाली काय? वकील म्हणजे लबाडाचा धंदा. पैसे घेऊन खोटं बोलतात."

"खोट्याले बोलता येते जी. खऱ्यालेच माणूस लागते." तिनं दातानं दोरा तोडला. "तुमी पाह्यलं ना?"

मी उठून बाहेर गेलो. मारणारा माणूस असतो तर त्या दिवशी मारलं असतं.

सासऱ्यानं नसाब बोलावला. मोहाच्या झाडाखाली सगळा तांडा गोळा झाला, बायाबी आल्या. सासऱ्यानं पागोटं ठेवलं, चुकलो म्हणाला अन् मग सगळं सांगितलं. पोट्टा खाली मान घालून बसला होता. नायक वयानं म्हातारा, बोलण्यात मिरचीवाणी. तो म्हणाला, "तांड्यात वकील आला म्हणजे माझं काय होईन? दोन कोंबड्या लढल्या त त्या पांढरकवड्याले जातीन. नायकानं मग काय, शेळ्या राखाच्या?" लोक हसले. बायांतून एक म्हातारी बोलली, "राख नं. त्यातबी तुह्याकडून चुका होतीन." त्यावर जास्त हसले.

मग तिले उभं केलं. नायक म्हणाला, "पोरी, आधी चूक पदरात घे, मग काय सांगाचं ते सांग."

ती म्हणाली, "कागद मी दाबला."

"ते समजलं. आधी चुकली म्हण."

"चुकली नाही. नाकबूल."

हा शब्द तिथं कोणी ऐकलाच नव्हता. नायकानं विचारलं, "काय म्हणली?"

"पुन्हा कागद आला त पुन्हा दाबीन. माझा नवरा चुकला नव्हता तरी चुकलो म्हणला. दहा दिवस बसून आला. त्याचा पास मी अजून जपून ठेवला. तुमच्यापुढे चुकलो म्हटलं त तुमी पुढं विचारता, तुमची रीत चांगली हाय. तिथं कोणी विचारत नाही. तिथं आधी नाही म्हणा लागते. अन् ते म्हणणारा आपला एकबी माणूस नाही. नाकेदार पाच झाले त काय करतीन? तेबी आपल्याच लाकडावर पंचनामे लिहितीन."

सासरा ओरडला, "जवाई, तुमची बायको हाय! बोला काही."

रीत होती. बाई हट्टाले पेटली तर नवऱ्यानं पागोटं ठेवावं, तिच्यावतीनं चुकलो म्हणावं, गोष्ट तिथंच मिटते. सगळे माझ्याकडे पाहत होते. मले वकील आवडत नव्हते. तिनं कागद दाबला हे तर मले बिलकुल आवडलं नव्हतं. माझा हात पागोट्यापर्यंत गेला होता, हे खोटं सांगत नाही. पण पागोटं हाताले लागलं अन् मले कोर्टातली ती फरशी दिसली, तिच्यावर माझं पागोटं, अन् पट्टेवाल्याचा पाय त्याच्या बाजूले. मी हात खाली घेतला.

"माझ्याकडून काही नाही," मी म्हटलं.

दंड दुप्पट झाला. दोन बोकडं गेली. तांड्यानं मजेत खाल्ली, वर रश्शात मीठ कमी आहे म्हणून आम्हालेच बोलले. सासऱ्यानं लेकीशी बोलणं टाकलं. मरेपर्यंत टाकलं, हेबी लिहून ठेवतो. तिनं भावाले वकील केलं ते फुकट नाही केलं. बापाच्या शेवटच्या दुखण्यात ती पायाशी बसली होती, तर म्हातारा भिंतीकडे तोंड करून पडला. रडली ती घरी येऊन, दाराचा दगड सरकवता सरकवता.

साळा नागपूरले गेला. छापखान्यात काम करून शिकला. आधी बीए, मग वकिली. सात-आठ वर्षं गेली. परत आला तेव्हा अंगावर काळा कोट, तोही कोणाचा तरी जुना. कोर्टाच्या आवारात एका लिंबाखाली बसायले लागला. त्याच्यापाशी कोणी येईना. तांड्यातले लोक बाजाराच्या दिवशी मुद्दाम तिकडून जात अन् विचारत, "काय वकीलसाहेब, सावली बरी हाय ना?" पोट्टे त्याले कोटवाला कावळा म्हणत. मीबी टोमणे मारले. एकदा तो घरी आला, चप्पल तुटलेली. मी म्हटलं, "नाकेदार असता त आतापर्यंत सायकल आली असती."

तो हसला. "भाऊजी, सायकल आली असती त पंक्चरबी झाली असती."

ती चुलीपासून म्हणाली, "दोघंबी जेवा आता."

दीड वर्षानं त्याले पहिली केस मिळाली. झरीकडची एक कोलाम आदिवासी म्हातारी, बांबू तोडल्याचा गुन्हा. फी म्हणून तिनं मोहफुलं आणली होती. तारखेले बायको म्हणाली, "चला, पाहून येऊ." मी म्हटलं, त्या इमारतीत मी पाय ठेवणार नाही. ती एकटी निघाली. मग मी मागून गेलो.

व्हरांड्यातून दिसत होतं. म्हातारी माझ्यासारखीच हात जोडून उभी. साहेब वेगळे होते. प्रश्न मात्र तोच. म्हातारीचे ओठ हलले, मले माहीत होतं ती काय म्हणणार. तेवढ्यात साळा उठला. म्हणाला, "साहेब, आरोपीला गुन्हा नाकबूल आहे."

बस. आभाळ काही कोसळलं नाही. साहेबानं लिहून घेतलं अन् पुढची तारीख दिली. पण मी भिंतीले टेकून उभा राहिलो. बायकोनं माझ्याकडे पाह्यलं नाही. मुद्दाम पाह्यलं नाही.

ती केस साळा हरला. म्हातारीले दंड झाला. तांड्यात दोन दिवस हसाहशी चालली. तो सांगाले आला तेव्हा त्याचं तोंड उतरलं होतं.

तिनं विचारलं, "म्हातारीले विचारलं काय, तिचं काय म्हणणं हाय?"

"विचारलं बाई. कोलामीत बोलली, दुभाषी बोलावला. बांबू कोणासाठी, कोणी तोडाले सांगितला, सगळं बोलली. साहेबानं सगळं लिहून घेतलं."

"मग कायले तोंड पाडून बसला? हरला त हरला. विचारलं ना?"

त्यानं पुढं किती केसा जिंकल्या अन् किती हरल्या, ते मी मोजलं नाही. बंगला झाला नाही त्याचा. पेन्शन नाही. म्हातारपणीबी एसटीनं येतो. पण आमच्या भागातून कोर्टात जाणारा माणूस आधी त्याच्या लिंबाखाली जातो, अन् आत गेल्यावर पागोटं डोक्यावर ठेवतो. लोक म्हणतात, याच्यात काय मिळालं? ज्याले पागोटं खाली ठेवावं लागलं नाही, त्याले काय मिळालं ते समजायचं नाही. ज्याले ठेवावं लागलं, त्याले विचारा. मी जिता आहे.

तर बारावा. मांडवात माणसं बसली. साळाबी आला होता, काठी घेऊन. त्याच्या बाजूले बसले होते ते तेच लोक, ज्यांच्या पोरांच्या जामिनाले तो दुपारच्या उन्हात धावला होता. आताच्या नायकानं मले खूण केली. मी उभा राहिलो. डोक्यात होतं की म्हणून टाकू. बापजाद्यांची रीत आहे, एक वाक्य आहे, लोक जेवाले थांबलेत. चुकाबी होत्या तिच्या. माझ्यावर ओरडे. बापाले दुखवलं. पण मांडवातल्या लोकांच्या मनात त्या चुका नव्हत्या. त्यांच्या मनात एकच होती. मी माफी मागितली असती तर ते त्याच चुकीची माफी करणार होते.

मी पागोट्याले हात लावला नाही.

"पानं वाढा," मी म्हटलं.

नायक हळूच म्हणाला, "बाबा, म्हणा लागते ते."

"काही चुकलं नाही तिचं. वाढा पानं."

वरण-भाताच्या बादल्या घेतलेली पोरं तशीच उभी. मग साळा काठी टेकत उठला, माझ्या बाजूले येऊन उभा राहिला अन् कानापाशी म्हणाला, "भाऊजी, दंड दुप्पट पडन."

"पडू दे. बोकडं हायेत."

त्यानं वळून त्या पोरांले वाढा म्हणून हात केला. पहिल्या पानावर भात पडला. लोक जेवले. उपाशी कोणी गेलं नाही.